मानेतील गाठ आणि एक दोरा

मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीचे 'कॅरॉटिड' हे नाव ग्रीक आहे. त्याच्या मुळाशी गुंगीचा अर्थ आहे; ही वाहिनी दाबली की माणूस गुंगतो, हे प्राचीनांना ठाऊक होते. म्हणजे भय नावातच होते. तिची भिंत दुर्बळ होऊन फुगली की स्पंदणारी गाठ तयार होते. या विरळा विकाराला रोहिणी-विस्फार म्हणतात. दुसऱ्या शतकातील ग्रीक शल्यविशारद अँटिलस अन्यत्रच्या विस्फारांवर शस्त्र चालवी, मात्र मानेतल्या मोठ्या गाठीला हात लावू नये असे त्याचे मत होते. सुश्रुतसंहितेतील सिराज ग्रंथी म्हणजे हाच विकार, असे काही अभ्यासक मानतात. तिथेही मर्मस्थानीची गाठ वर्ज्य आहे. (अशा समीकरणांचा मोह आपल्याकडे जरा अधिकच असतो.)

१ नोव्हेंबर १८०५ रोजी लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये अ‍ॅस्टली कूपर यांनी ४४ वर्षांच्या एका स्त्रीच्या मानेतील ही रोहिणी दोऱ्याने बांधली. ईथरची भूल यायला अजून चार दशके होती. गाठ फार वाढलेली होती. काही दिवसांत तिला अर्धांगवायू झाला, गाठीला दाह होऊन श्वास कोंडू लागला आणि त्याच महिन्यात ती गेली. जून १८०८ मध्ये कूपर यांनी पन्नाशीतल्या एका हमालावर तीच शस्त्रक्रिया केली. या वेळी गाठ लहान होती. तो पुढे तेरा वर्षे जगला. १८२१ मध्ये तो वारल्यावर शवविच्छेदनही कूपर यांनीच केले.

'पहिली यशस्वी शस्त्रक्रिया' म्हणून इतिहास हमालाची नोंद घेतो. मला त्या स्त्रीची हकीकत अधिक मोलाची वाटते, कारण कूपर यांनी ती दडवली नाही. १८०९ मध्ये दोन्ही हकीकती छापून आल्या.

निदान मात्र दीर्घकाळ बोटांवरच अवलंबून राहिले. १९२७ मध्ये लिस्बन येथे एगास मोनिझ यांनी क्ष-किरणांत मेंदूच्या रोहिण्या दिसतील अशी पद्धत शोधली. आज सोनोग्राफी आणि सीटी स्कॅनने गाठीचा आकार नेमका कळतो. फुगलेला भाग कापून तिथे शिरेचा तुकडा जोडतात किंवा आतून आच्छादित स्टेंट बसवतात. मेंदूचा रक्तपुरवठा जपता यावा म्हणून रोहिणी बांधणे आता शेवटचा उपाय ठरला आहे. तरीही घशात टॉन्सिलजवळ आलेली सूज गळू समजून चिरली आणि ती विस्फार निघाली, असे जीवघेणे प्रसंग वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेले आहेत. चिरण्यापूर्वी ती सूज उडते आहे का, हे पाहावेच लागते.