खळ, दाभण आणि न लिहिलेला रोज

शिरोळच्या आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानाच्या जुन्या कीर्दीत सुतळीचा खर्च सापडतो, रॉकेलचा सापडतो, कोल्हापूरहून कागद आणणाऱ्या गाडीचं भाडंही सापडतं. पगार म्हणून एकाच दिवाणजीचं नाव. तेव्हा माणसं स्वस्त होती, असं काका अजून सांगतात. थोरल्या आत्याला ते पटत नाही.

"आन् मी काय पाव्हणी हुते व्हय त्या घरात?"

तिचं खरं आहे. तेव्हा वह्या घरीच बांधत. 24 तावांचा दस्ता, 20 दस्त्यांची रीम, म्हणजे 480 ताव. ताव दुमडायचे, लाकडी पट्टीनं घडी दाबायची, टोच्यानं भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा दाभणात ओवून शिवायचं. मैद्याची खळ आत्या शिजवायची. कसर लागू नये म्हणून तीत मोरचूद घालत, म्हणून ते पातेलं स्वयंपाकघरात कधी आलं नाही. दिवाळीच्या वहीपूजनाला व्यापाऱ्यांना लाल कापडी पुठ्ठ्याच्या चोपड्या लागत. दसरा झाला की आजी आणि आत्या रात्री उशिरापर्यंत सोप्यात शिवत बसत. या रोजाला कीर्दीत ओळच नाही.

दुकानात खेड्यावरून आलेला एक पोरगा असे. दोन वेळचं जेवण, माळ्यावर झोपायला जागा, शाळेची फी. 'शिकायला ठेवलाय' म्हणत. काका त्याला उपकार म्हणतात. मला तो पगारच वाटतो, ताटात वाढलेला. आणि तो कितीला पडला हे दोन्ही बाजूंना कळू नये अशी सोयही त्यात होती.

किमान वेतनाचा कायदा 1948 चा, मुंबईचा दुकानांचा कायदाही त्याच सालचा. पुढच्या मार्चमध्ये आमचं कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. पण दुकानांच्या त्या कायद्यातही मालकाच्या घरचं माणूस नोकरांत धरलेलं नव्हतं. आत्याची मोजदाद कीर्दीनं केली नाही, तशी सरकारनंही केली नाही.

हिशेब बदलला तो गावच्या दत्त साखर कारखान्यानं. कायम नोकरी, फंड, बोनस हे शब्द गावात रुळले आणि जेवणावर राहणारं पोरगं मिळेनासं झालं. त्याच सुमारास आखीव तयार वह्या गठ्ठ्यांनी यायला लागल्या. बांधणीची मजुरी आता कुठल्यातरी गिरणीत, छापील किमतीच्या पोटात गेली.

पुराचा हिशेब वेगळाच. 2005 ला आणि 2019 ला कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढलं, तेव्हा रिमा माळ्यावर चढवायला अख्खी गल्ली धावली. त्यांना कोण रोज विचारणार?

आता दुकान चुलतभाऊ बघतो. 2017 च्या कायद्यानं दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला नोंदणीची कटकट उरली नाही, नुसती सूचना दिली की झालं. 2023 मध्ये पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं आली, तेव्हा त्यानं हाताखालचा एक माणूस कमी केला. 2025 मध्ये ती पानं गेली. माणूस परत आला नाही, त्याला जयसिंगपुरात बरा पगार मिळतो. जूनमध्ये कॉलेजची दोन पोरं रोजावर येतात, संध्याकाळी मोबाईलवर पैसे घेतात. भावाच्या संगणकात प्रत्येक रुपया नोंदलेला असतो.

झेरॉक्सच्या मशीनवर दिवसभर वहिनी असते. तिचा पगार कुठल्या रकान्यात, असं मी विचारलं, तर तो हसला. वहिनी हसली नाही.