गावच्या वाचनालयातला कॉम्प्युटर: कोणती कामं होतात, काय जपायचं आणि नसेल तर कसा मिळवायचा?

हातात स्मार्टफोन आहे, तरी काही कामं फोनवर नीट होत नाहीत. शिष्यवृत्तीचा लांबलचक अर्ज, नोकरीसाठी बायोडेटा, फोटो आणि सही ठरलेल्या आकारात अपलोड करणं, सातबाऱ्याची प्रिंट काढणं. अशा वेळी आपण तालुक्याला जातो. एसटीचं भाडं, अर्धा दिवस आणि वर दुकानदाराचे पैसे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपला मोबाइल नंबर, ओटीपी आणि पासवर्ड दुसऱ्याच्या हातात जातो. पुढच्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायचं म्हटलं की त्याच माणसाकडे जावं लागतं, कारण पासवर्ड त्याच्याच वहीत असतो.

गावात सार्वजनिक वाचनालय असेल आणि तिथे एक चालू कॉम्प्युटर, नेट आणि प्रिंटर असेल, तर यातली बरीच कामं गावातच आणि स्वतःच्या हाताने होतात. याबाबतची कामाची माहिती इथे एकत्र दिली आहे.

वाचनालय नेमकं कोणाचं असतं?

बऱ्याच लोकांना वाटतं की गावचं वाचनालय सरकारी असतं. तसं नाही. ते एका नोंदणीकृत संस्थेचं असतं. संस्थेला अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळ असतं. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा आहे. त्याखाली सरकार अशा वाचनालयांना मान्यता देतं आणि दरवर्षी अनुदान देतं. पुस्तकांची संख्या, सभासद, सेवा वगैरे पाहून अ, ब, क, ड असा वर्ग ठरतो आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरतं. खेड्यातली बहुतेक वाचनालयं क किंवा ड वर्गात असतात. ड वर्गाचं अनुदान सगळ्यात कमी. त्यातूनच ग्रंथपालाचं मानधन, पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि वीजबिल भागवायचं असतं. त्यामुळे कॉम्प्युटर नसेल तर दर वेळी त्यात ग्रंथपालाची चूक असते असं नाही.

या सगळ्यावर देखरेख जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची असते आणि त्यांच्या वर ग्रंथालय संचालनालय, मुंबई. वाचनालयाबद्दल काही विचारायचं असेल तर आधी कार्यवाहांना भेटा. तिथे उत्तर मिळालं नाही तर जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या.

सेवा केंद्र वेगळं, वाचनालय वेगळं

उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा दाखला काढून देणं हे आपले सरकार सेवा केंद्राचं काम. तिथे ठरलेली फी असते आणि अर्ज केंद्रचालक भरतो. वाचनालयाचा कॉम्प्युटर हा तुम्ही स्वतः वापरायचा असतो. ग्रंथपाल दाखवेल, अडलं तर सांगेल, पण अर्ज तुमचा आणि जबाबदारीही तुमची. हा फरक दोन्ही बाजूंनी लक्षात ठेवला तर वाद होत नाहीत.

घरबसल्या आपले सरकार पोर्टलवर स्वतःचं खातं उघडूनही अनेक दाखल्यांसाठी अर्ज करता येतो. कागदपत्रं स्कॅन करून जोडायची असतात आणि त्यासाठी वाचनालयातला स्कॅनर उपयोगी पडतो.

कोणती कामं करता येतात?

शेतीची: महाभूमीच्या संकेतस्थळावर सातबारा आणि आठ-अ पाहता येतो. नुसता पाहण्यासाठीचा उतारा मोफत आहे. पण तो फक्त माहितीपुरता असतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपये ऑनलाइन भरून मिळतो आणि तो कार्यालयात चालतो. बँकेत किंवा सोसायटीत द्यायचा असेल तर डिजिटल सहीचाच काढा. महाडीबीटीवर शेतकरी योजनांचे अर्ज भरता येतात.

विद्यार्थ्यांची: महाडीबीटीवरच शिष्यवृत्तीचे अर्ज असतात. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात. दीक्षा आणि स्वयम् या सरकारी ठिकाणी अभ्यासक्रम आहेत. एमपीएससीच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका आहेत, त्या विकत घ्यायची गरज नाही.

वाचकांची: मराठी विश्वकोशाचे खंड ऑनलाइन मोफत वाचता येतात. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. आयआयटी खरगपूरने उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. लहान वाचनालयात कपाटं दोन-चार असतात, पण नेट असेल तर पुस्तकांची कमी पडत नाही.

गावकऱ्यांची: ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. राज्य सरकारचे शासन निर्णयही ऑनलाइन मोफत मिळतात. ‘अशी अशी योजना आली आहे, फॉर्मचे पाचशे रुपये’ असा व्हॉट्सअॅप मेसेज आला की आधी शासन निर्णय शोधा. निर्णय सापडला नाही तर पैसे देऊ नका.

सार्वजनिक कॉम्प्युटरवर काय जपायचं?

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून हा भाग नीट वाचा.

१. ई-आधारची फाइल मागे ठेवू नका. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो हे खरं. पण तो पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मसाल. गावात तुमचं नाव सगळ्यांना माहीत, जन्मसालाचा अंदाज वर्गमित्रालाही असतो. म्हणजे डाउनलोड फोल्डरमध्ये राहिलेली फाइल ही जवळपास उघडीच. काम झालं की फाइल डिलीट करा आणि रिसायकल बिनमधूनही काढा. शक्य असेल तिथे मास्क्ड आधार काढा, त्यात आधार क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात.

२. ब्राउझर विचारतो, ‘पासवर्ड सेव्ह करू का?’ नेहमी नाही म्हणा. शक्यतो खासगी विंडोत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये काम करा. ती बंद केली की लॉगिन आणि ब्राउझिंगचा इतिहास त्या कॉम्प्युटरवर राहत नाही. पण डाउनलोड केलेली फाइल मात्र राहते, ती हातानेच काढावी लागते.

३. प्रिंटसाठी व्हॉट्सअॅप वेब उघडलं तर उठताना लॉगआउट करा. विसरलात तर घरी आल्यावर स्वतःच्या फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ उघडा आणि तो कॉम्प्युटर काढून टाका. नाही तर तुमचे मेसेज दुसऱ्याला दिसत राहतील. त्यापेक्षा फाइल ईमेलने पाठवून प्रिंट काढलेली बरी.

४. बँकेचे व्यवहार सार्वजनिक कॉम्प्युटरवर करू नका. अर्जाची फी भरायची असेल तर स्क्रीनवर येणारा क्यूआर कोड स्वतःच्या फोनने स्कॅन करून भरा. त्यामुळे कार्डाचा नंबर कॉम्प्युटरवर टाकावा लागत नाही.

५. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता नीट वाचा. सरकारी पत्त्याच्या शेवटी बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ असतं. गुगलवर सगळ्यात वर दिसणारा दुवा जाहिरातही असू शकतो.

६. ओटीपी कोणालाही सांगू नका. ग्रंथपाल ओळखीचा असला तरी आकडे स्वतः टाइप करा. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा.

७. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी थांबवण्याची शक्यता जास्त. सोबत बँकेलाही कळवा.

वाचनालयाने काय करायला हवं?

एका कॉम्प्युटरवर किती लोकांचं काम होईल? वाचनालय रोज ३ तास उघडं आणि प्रत्येकाला अर्धा तास, असं धरलं तर दिवसाला ६ जण. महिन्याचे २५ दिवस धरले तर १५० पाळ्या. लहान गावाला हे कमी नाही. पण पाळीची वही नसेल तर तीच दोन-तीन मुलं दिवसभर बसतात आणि बाकीचे दारातून परत जातात. म्हणून नोंदवही हवीच. नाव, तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि सही. धंदा म्हणून नेट देणाऱ्या सायबर कॅफेंसाठी २०११ चे केंद्राचे नियम आहेत. त्यात ग्राहकाची ओळख पाहून नोंद ठेवणं आणि ती किमान एक वर्ष जपणं बंधनकारक आहे. वाचनालयानेही ही पद्धत उचलली तर उद्या कोणी गैरवापर केला तेव्हा संस्थेकडे दाखवायला नोंद असते.

स्क्रीन कुठल्या बाजूला ठेवायची हाही विचार करा. ग्रंथपालाला कॉम्प्युटरवर नजर ठेवता यावी, पण मागून येणाऱ्या-जाणाऱ्याला दुसऱ्याचा अर्ज वाचता येऊ नये. कॉम्प्युटरभोवती पोरांचा घोळका असेल तर मुली आणि बायका तिथे येत नाहीत, हे अनेक ठिकाणी दिसतं. आठवड्यातले काही तास त्यांच्यासाठी राखून ठेवले आणि तशी पाटी लावली तर फरक पडतो. प्रिंटचा दरही भिंतीवर लिहा. कागद आणि शाईचा खर्च निघेल इतकेच पैसे घ्यावेत.

जुन्या कॉम्प्युटरबद्दल एक गोष्ट महत्त्वाची. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने देणं चालू ठेवलेले नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले. ज्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही, तिथे उबुंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली टाकता येते. अर्ज भरणं, वाचणं आणि टायपिंग यांना ती पुरते. मात्र आपला प्रिंटर आणि स्कॅनर तिच्यावर चालतो का, हे आधी तपासून घ्या.

मराठी टायपिंग युनिकोडमध्येच करा. त्यासाठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हीत मोफत असतो, फक्त सेटिंगमधून मराठी भाषा जोडावी लागते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडला की अक्षरांचा खिचडा होतो. लाइट जाणाऱ्या गावात यूपीएस घ्यावाच लागतो. अर्ज भरताना मध्येच वीज गेली की सगळं पहिल्यापासून भरावं लागतं.

कॉम्प्युटर नसेल तर काय करता येईल?

ग्रामसभेत विषय मांडा. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय आहेत आणि त्यात ग्रंथालय हा विषय आहे. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार होत असतानाच ‘वाचनालयासाठी कॉम्प्युटर व इंटरनेट’ हे काम त्यात घालायला सांगा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या नेहमीच्या तारखा. विषय लेखी द्या, त्याची पोच घ्या आणि ठराव इतिवृत्तात आला का ते पाहा.

राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानची मदत. कोलकात्याचं हे प्रतिष्ठान केंद्र सरकारचं आहे आणि १९७२ पासून काम करतं. त्याच्या असमान निधी योजनेतून मान्यताप्राप्त वाचनालयांना ग्रंथ, साधनसामग्री, फर्निचर, इमारत यांसाठी मदत मिळते. अर्ज जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांमार्फत जातो. मुदतीच्या बातम्या वर्तमानपत्रात येतात आणि निघूनही जातात, म्हणून कार्यवाहांनी अधूनमधून कार्यालयात चौकशी करावी.

कंपन्यांचा सामाजिक निधी. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालय उभारणं हे सीएसआरमध्ये धरलं जाणारं काम आहे. तालुक्यात साखर कारखाना, एमआयडीसी किंवा पवनचक्की प्रकल्प असेल तर संस्थेच्या लेटरहेडवर अर्ज द्या. सोबत नोंदणीपत्र आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षण अहवाल जोडा.

नेटसाठी भारतनेट. ही केंद्राची योजना ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची आहे. आपल्या पंचायतीत लाइन चालू आहे का ते ग्रामसेवकांना विचारा. वाचनालय पंचायतीच्या इमारतीत किंवा शेजारी असेल तर तिथून जोडणी घेणं सोपं जातं. त्याशिवाय डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत कोणत्याही परवान्याशिवाय आणि नोंदणी शुल्काशिवाय सार्वजनिक वायफाय केंद्र चालवता येतं.

कॉम्प्युटर मिळाल्यावर तो चालू कसा राहील, हाही प्रश्न आधीच सोडवा. नेटचं बिल, प्रिंटरची शाई आणि दुरुस्ती हा दर महिन्याचा खर्च आहे. तो कोण देणार हे ठरवलं नाही तर उद्घाटनाच्या फोटोनंतर मशीनवर कापड पडतं. पंचायत बिल भरणार, प्रिंटच्या पैशातून शाई आणि संस्था दुरुस्ती करणार, अशी वाटणी ठरावातच लिहून घ्या. गावातली कॉम्प्युटर शिकलेली दोन मुलं-मुली आठवड्यातून एकेक संध्याकाळ मदतीला बसायला तयार झाली तर ग्रंथपालावरचा भारही हलका होतो.

या आठवड्यात वाचनालयात जाऊन चार गोष्टी विचारा: आपल्या वाचनालयाचा वर्ग कोणता, कॉम्प्युटर आहे का, तो चालू आहे का आणि सभासद नसलेल्यांना वापरता येतो का. उत्तरं लिहून आणा. पुढच्या ग्रामसभेत बोलायला तेवढी माहिती पुरते.