ऋषिऋण आणि रँग्लर परांजपे

बंगळुरास प्रथमच येणाऱ्या पाहुण्यांना आपण मोठ्या अभिमानाने टाटा इन्स्टिट्यूट, म्हणजे भारतीय विज्ञान संस्था, दाखवितो. जमशेटजी टाटांनी तिच्यासाठी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा देऊ केला, म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन दिली आणि १९०९ साली संस्था स्थापन झाली. हे थोरांचे दान झाले. परंतु ज्याने विद्यालयाकडून घेतले, देण्यास मात्र ज्याच्यापाशी धन नाही, त्या विद्यार्थ्याने आपले ऋण कसे फेडावे? या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता मन पुण्याकडे वळते.

१८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि पुढल्याच वर्षी, १८८५ मध्ये, फर्ग्युसन महाविद्यालय उघडले. संस्थेच्या तिजोरीत पैसा थोडाच होता. तिचे खरे भांडवल तिचे आजीव सभासद. दरमहा सुमारे ७५ रुपयांवर वीस वर्षे अध्यापन करण्याचे वचन ते देत. गोपाळ कृष्ण गोखले याच मंडळींतले.

कोकणातील मुर्डी गावी १८७६ साली जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. सरकारी शिष्यवृत्ती मिळवून ते केंब्रिजला निघाले, ते परत येऊन फर्ग्युसनमध्येच शिकविण्याचे वचन देऊन. १८९९ साली गणिताच्या परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. आता सरकारी शिक्षणखात्यातील मोठ्या पगाराची जागा त्यांना अवघड नव्हती. तरीही ते पुण्यास परतले, त्याच तुटपुंज्या वेतनावर रुजू झाले आणि १९०२ पासून सुमारे दोन दशके प्राचार्यपदाची धुरा त्यांनी वाहिली.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. वचन दिले तेव्हा ते कीर्तिवंत नव्हते. पाळले तेव्हा मात्र कीर्ती दाराशी उभी होती. कृतज्ञतेची खरी परीक्षा या दोन क्षणांमधील अंतरातच होते. पुढे ते मुंबई प्रांताचे मंत्री झाले, लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले, ऑस्ट्रेलियात भारताचे हायकमिशनर झाले. आणि १९४८ साली स्थापन झालेल्या पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद त्यांनी १९५६ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी स्वीकारले. विद्येचे ऋण निवृत्तिवेतनाबरोबर संपत नाही, असेच जणू त्यांनी दाखविले.

प्रस्तुत लेखक त्याच पुणे विद्यापीठाचा बी. ए. त्या पदवीच्या बळावर केंद्र सरकारची नोकरी लाभली, गावोगावच्या बदल्यांनंतर बंगळुरी बिऱ्हाड स्थिरावले. पदवीपत्र चौकटीत घालून भिंतीवर लावले, आणि इतक्या वर्षांत विद्यापीठास साधे पत्रही धाडले नाही, हे येथे संकोचाने नमूद करतो. पुष्कळ वाचकांची स्थिती याहून निराळी नसावी.

आपल्या पूर्वजांनी ऋषिऋण मानले, ते अध्ययन-अध्यापनाने फेडावयाचे. सर्वांस रँग्लर होता येणार नाही, वीस वर्षेही देता येणार नाहीत. पण एका गरजू विद्यार्थ्याची वर्षाची फी, ग्रंथालयास चार पुस्तके, अथवा रविवारचे दोन तास एखाद्या मुलास गणित शिकविण्यात घालविणे, एवढे तर आपणांस खचित शक्य आहे. ते मूल पुण्याचे असो वा बंगळूरचे. ऋण विद्येचे आहे, ते कोठेही फेडता येते.

सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी आपण प्रत्येकाने एक छोटे वचन द्यावे, आणि हाताशी सवड येण्याची वाट न पाहता द्यावे, एवढीच विनंती.