विजेची गिटार आणि घरचे कारागीर

वाद्य कोण घडवतो, असे विचारले की आपल्या डोळ्यांसमोर कसबी कारागीर उभा राहतो. पिढीजात हात, वर्षानुवर्षे मुरवलेले लाकूड, गुरूकडून मिळालेली विद्या. विजेच्या गिटारचा इतिहास मात्र थोडा निराळा आहे. हे वाद्य घडवण्यात कारखानदारांइतकाच वाटा हौशी खटपट्या माणसांचा आहे.

कसा, ते पाहू. सतारीला भोपळा लागतो, साध्या गिटारला पोकळ पेटी लागते. कारण तारेचा मूळचा आवाज क्षीण असतो. विजेच्या गिटारमध्ये पोलादी तारांखाली लोहचुंबक असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या केसासारख्या तारेचे हजारो वेढे असतात. ह्या भागाला पिकअप म्हणतात. वरची तार थरथरली की वेढ्यांत अल्पसा विद्युत्प्रवाह निर्माण होतो आणि ध्वनिवर्धक तो वाढवतो. मग पोकळीचं काय काम? भरीव फळकूटसुद्धा चालेल!

1941 च्या सुमारास लेस पॉल ह्या अमेरिकन वादकाने हे प्रत्यक्ष करून पाहिले. न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात सुट्टीच्या दिवशी जाऊन त्याने चार इंची चौरस तुळईवर तारा चढवल्या. ह्या वाद्याचे नाव पडले 'द लॉग', म्हणजे ओंडका. लोकांना ते ध्यान काही रुचेना. तेव्हा त्याने पोकळ गिटारचे दोन अर्धे तुकडे ओंडक्याच्या दोन्ही अंगांना जोडले. आवाज तोच, पण आता ती 'गिटार' दिसू लागली आणि लोक खूष झाले. माणूस कानापेक्षा डोळ्यांनीच गाणे जास्त ऐकतो की काय, कोण जाणे!

कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने 1950 साली भरीव गिटार बाजारात आणली. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. गिटार त्याला वाजवता येत नसे. पण नजर दुरुस्ती करणाऱ्याची. त्याने गिटारची मान सरसाने चिकटवली नाही, चार स्क्रूंनी धडाला बसवली. बिघडली तर काढा, दुसरी लावा. सोय केली ती दुरुस्तीची. पण त्यामुळे एकाची मान दुसऱ्याच्या धडाला लावण्याचा मार्ग हौशी लोकांना मोकळा झाला.

आता वाचकहो, एका घरात डोकावू. ऑगस्ट 1963. लंडनजवळच्या फेल्टहॅममध्ये ब्रायन मे हा सोळा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर गिटार करायला बसला. दुकानातली गिटार परवडण्यासारखी नव्हती. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार, हाताने कुशल. शेकोटीच्या जुन्या चौकटीच्या महोगनी लाकडातून मान कोरली. त्या लाकडाला किडीने भोके पाडली होती, ती आगकाड्यांनी बुजवली. धडासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड कामी आले. सूर हेलकावण्याच्या यंत्रणेसाठी मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा आणि दांड्याच्या टोकाला आईची विणकामाची सुई! पट्टीवरचे ठिपकेसुद्धा शिंपल्याच्या गुंड्यांचे.

पिकअपही आधी घरीच गुंडाळले होते. पण तार आडवी ओढली की त्यांतून विचित्र आवाज येई. म्हणून बर्न्स कंपनीचे तीन पिकअप विकत आणले. प्रत्येकाला दोन खटके: एक चालू-बंद करायला, दुसरा प्रवाहाची दिशा उलटवायला. दिशा उलटली की एका पिकअपचे काही सूर दुसऱ्याच्या सुरांना खाऊन टाकतात आणि आवाजाचा रंगच पालटतो. ह्या कामाला सुमारे दोन वर्षे लागली.

1970 साली 'क्वीन' हे वाद्यवृंद-पथक निघाले. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे मूळचा फारोख बुलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. ब्रायनने खगोलशास्त्रातले डॉक्टरेटचे काम अर्धवट टाकले आणि पथकात पूर्णवेळ शिरला. हे वडिलांना मुळीच मानवले नाही. बापलेकांचे बोलणे जवळजवळ बंद झाले. विद्या सोडून मुलगा गाणे-बजावणे करीत हिंडतो, हे कोणत्या बापाला रुचेल? पण ज्या वाद्यापायी हा दुरावा आला, ते त्याच बापाने रात्री जागवून मुलाबरोबर घडवले होते! पुढे न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी मुलाचा कार्यक्रम पाहिला, तेव्हा कुठे त्यांच्या मनातली अढी सुटली.

हॅरॉल्ड 1988 मध्ये वारले. 2002 साली राणी एलिझाबेथच्या सुवर्णमहोत्सवात बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून ब्रायनने हीच गिटार वाजवली. 2007 साली त्याने सूर्यमालेतल्या धुळीवरचा प्रबंध पुरा करून डॉक्टरेटही मिळवली. वडिलांच्या दोन्ही इच्छा पुऱ्या झाल्या म्हणायच्या; मात्र दुसरी पाहायला ते उरले नव्हते.

कारखान्यातली गिटार परवडत नाही म्हणून हे वाद्य घरी जन्मले. पुढे कारखान्यांनीच तिच्या प्रतिकृती काढल्या आणि लोक त्या पैसे मोजून घेऊ लागले. शेकोटीचे किडके लाकूड मात्र त्यांत नसते.