प्रवेश कशाच्या बळावर मिळाला?

एप्रिल उजाडला की क्युपर्टिनो-फ्रीमाँटकडच्या मराठी घरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो. मुलीला कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात ट्रान्स्फर मिळालेली असते, शेवटच्या सेमिस्टरचा एखादा विषय जड जात असतो, आणि कुणी अनुभवी काका सांगतात, ‘आता अ‍ॅडमिशन झालीय ना? सोडून दे तो क्लास. डब्ल्यू लागेल, जीपीएला धक्काही लागणार नाही.’ सल्ला मायेपोटी दिलेला असतो, पण तो चुकीचा आहे आणि त्याची किंमत त्या पोरीला मोजावी लागते.

आधी हा पक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. तिथल्या कम्युनिटी कॉलेजांत सेमिस्टर साधारण तीन चतुर्थांश होईपर्यंत क्लास सोडता येतो आणि त्याचा ‘डब्ल्यू’, म्हणजे माघारीचा शेरा, सरासरीत धरत नाहीत, हे खरे. ‘एफ’पेक्षा ‘डब्ल्यू’ बरा, हेही खरे. ट्रान्स्फरला 60 सेमिस्टर युनिट लागतात आणि पुष्कळ मुलांकडे त्याहून जास्त असतात. शिवाय कॅलिफोर्नियाच्या उच्च शिक्षणाच्या 1960च्या मास्टर प्लॅनपासून कम्युनिटी कॉलेजांतल्या मुलांना वरची वाट मोकळी ठेवणे हे या राज्याचे धोरणच आहे. मग एका क्लाससाठी कोण दार लावील?

ही सगळी विधाने खरी असूनही निष्कर्ष खोटा ठरतो, कारण मुळात ‘अ‍ॅडमिशन झाली’ हेच गृहीत चुकले आहे. महाराष्ट्रात बारावीचे गुण, सीईटीचे पर्सेंटाइल आणि मग कॅपची फेरी या क्रमाने जागा मिळते; ती पुऱ्या झालेल्या अभ्यासावर मिळते. पुढे विषय राहिलाच तर एटीकेटी असते. या सवयीत वाढलेल्या आईवडिलांना ट्रान्स्फरची रीत लवकर उमगत नाही. तिथे अर्ज नोव्हेंबरच्या सुमारास जातो. तेव्हा फॉल सेमिस्टर चालू असते, स्प्रिंग सुरूही झालेले नसते. विद्यार्थी चालू विषय आणि पुढे घ्यायचे विषय स्वतः लिहून देतो, जानेवारीत ती यादी ताजी करतो, आणि एप्रिलचा निर्णय या अजून न झालेल्या विषयांवरही विसंबलेला असतो. म्हणूनच सोबत अटी येतात: लिहिलेले विषय पुरे करा, किमान ‘सी’ मिळवा, बदल झाला तर कळवा, अंतिम गुणपत्रिका जुलैच्या सुरुवातीपर्यंत पाठवा. विद्यार्थी होकार देतो तेव्हा या अटींना बांधला जातो. यादीतला विषय परस्पर सोडला की निर्णयाचा आधारच निघून जातो. सरासरी शाबूत राहिली म्हणून तो आधार परत येत नाही.

युनिटांच्या हिशेबातही अशीच गफलत आहे. 60 ही नुसती बेरीज नाही. तिच्या पोटात सात विषयांची चौकट आहे: इंग्रजी लेखनाचे दोन, गणिताचा एक आणि इतर शाखांतले चार. गणिताचा तो एकच विषय सुटला, तर उरलेल्या 70 युनिटांनी ती जागा भरत नाही. कॉम्प्युटर सायन्सला निघालेल्या मुलीने डेटा स्ट्रक्चर्स सोडला काय आणि हौसेने घेतलेला कुंभारकामाचा वर्ग सोडला काय, गुणपत्रिकेवर दिसणारे अक्षर एकच. परिणाम मात्र अगदी निराळे.

‘प्रवेश रद्द वगैरे कोणी करत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी 2017चा उन्हाळा आठवावा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्व्हाइन कॅम्पसमध्ये त्या वर्षी अपेक्षेपेक्षा साधारण 850 नवे विद्यार्थी जास्त आले आणि 499 जणांचे प्रवेश काढून घेतले गेले. ओरड झाली, चान्सेलर हॉवर्ड गिलमन यांनी माफी मागितली, केवळ कागदपत्रांपायी अडकलेल्यांना परत घेतले. अभ्यासाच्या अटी मोडलेल्यांना मात्र अपिलाचा रस्ता दाखवण्यात आला. जागा कमी पडल्या की कागदावरची अट कशी जिवंत होते, ते तेव्हा दिसले. त्या मुलांचा आणि त्यांच्या घरच्यांचा तो ऑगस्ट कसा गेला असेल, याची कल्पना करवत नाही.

भारतातून एफ-1 व्हिसावर गेलेल्यांना तर ‘डब्ल्यू’ आणखी महाग पडतो. त्यांना 12 युनिटांचा भार राखावा लागतो, आणि कॉलेजच्या नेमलेल्या अधिकाऱ्याची आधी परवानगी न घेता त्याखाली उतरले की व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. सरकारी अर्थसाहाय्य घेणाऱ्यांच्या प्रगतीच्या हिशेबात सोडलेला क्लासही प्रयत्न म्हणून मोजला जातो.

मग काहीही झाले तरी क्लास सोडूच नये का? तसे म्हणणेही तितकेच चूक आहे. आजारपण येते, घरात मृत्यू होतो, नोकरीच्या पाळ्या बदलतात. अशा वेळी कॉलेज ‘ईडब्ल्यू’, म्हणजे सकारण माघार, नोंदवू शकते. तो शेरा सहृदय आहे, पण तो विषय पुरा झाल्याचा दाखला नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी काउन्सेलरला भेटून तो विषय कोणत्या अटीत बसतो ते पाहायचे. मग नव्या कॅम्पसच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला लिहायचे: कोणता क्लास, का सोडायचा आहे, त्याऐवजी काय करता येईल. उन्हाळ्यात घेतलेला कोर्स सगळीकडे चालेलच असे नाही, तेही त्याच पत्रात विचारायचे. लेखी उत्तर हाती आले की मगच क्लास सोडायचा.

घरात ट्रान्स्फरचे पत्र आले असेल तर अभिनंदनाच्या ओळींखालच्या अटी आज मुलासोबत बसून वाचा, आणि एखादा क्लास सोडायचाच असेल, तर सोडण्याची शेवटची तारीख उलटण्याआधी अ‍ॅडमिशन ऑफिसला ते विचारणारे पत्र त्याला लिहायला लावा.