बेटावर आलेला चषक

कॉर्सिका बेट जगाला ठाऊक आहे ते नेपोलियनची जन्मभूमी म्हणून. तिथल्या बास्तिया शहराच्या फुटबॉल संघाने १३ जून १९८१ रोजी पॅरिसला जाऊन बलाढ्य सेंत-एत्येनला २-१ असे नमवले आणि फ्रान्सचा राष्ट्रीय चषक समुद्रापार नेला. त्यातला एक गोल कॅमेरूनच्या रॉजर मिलाचा.

१९९२ साली तो चषक पुन्हा दृष्टिपथात आला. ५ मे रोजी घरच्याच मैदानावर मार्सेयशी उपान्त्य सामना होता. अधिक प्रेक्षक मावावेत म्हणून जुना सज्जा पाडून घाईघाईने लोखंडी सांगाडा उभारला होता. खेळ सुरू होण्याआधीच तो कोसळला. १९ माणसे दगावली, दोन हजारांवर जखमी झाली. त्या वर्षी अंतिम सामना झालाच नाही.

५ मे रोजी देशात मोठे व्यावसायिक सामने होऊ नयेत, ही मृतांच्या आप्तांची मागणी. तिचा कायदा व्हायला २०२१ साल उजाडावे लागले.