नाताळची भेट आणि सावकाराची वही

नाताळच्या भेटवस्तूंचा उगम शोधू गेल्यास आपण चौथ्या शतकातील आशिया मायनरमध्ये, मायरा नगरीचे बिशप संत निकोलस यांच्यापाशी येऊन पोहोचतो. त्यांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. पण तिच्यातील मर्माची बाब आपण बहुधा विसरतो. एक सुखवस्तू गृहस्थ निर्धन झाला होता. घरात तीन उपवर मुली, हुंडा द्यायला पैसा नाही, आणि मुलींना अनीतीच्या मार्गाला लावण्यावाचून दुसरा उपाय दिसत नाही. निकोलस यांनी रात्रीच्या वेळी, कोणाच्या नकळत, त्या घरात सोन्याची थैली टाकली. एकेका मुलीसाठी एकेक, अशा तीन थैल्या. या कथेत इतिहास किती आणि लोकमानसाची भर किती, हा प्रश्न विद्वानांवर सोपवू. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की, ख्रिस्ती परंपरेतील ही सर्वांत प्रसिद्ध भेट म्हणजे खेळणे नव्हते. परिस्थितीने खचलेल्या एका बापाला तिने सावरले होते, आणि तेही त्याची मान खाली जाऊ न देता. मराठवाड्यातील वाचकाला तरी ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

पुढील शतकांत या संताचे जे झाले ते थोडक्यात सांगतो. १०८७ साली त्यांचे अवशेष इटलीतील बारी येथे नेण्यात आले आणि पश्चिम युरोपात त्यांची भक्ती पसरली. ६ डिसेंबर या त्यांच्या सणाला मुलांना फळे व मिठाई देण्याची चाल अनेक देशांत पडली. धर्मसुधारणेनंतर जर्मन प्रदेशांतील प्रॉटेस्टंट घरांत ती भेट बाळ येशूच्या नावे नाताळला देऊ लागले. १८२३ साली न्यू यॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात आलेल्या कवितेने या संताला हरणांच्या गाडीत बसवले. १८६३ पासून टॉमस नास्ट या चित्रकाराने त्याला पोट व दाढी दिली. आणि मोठमोठ्या दुकानांनी त्याला आपल्या दारात उभे केले. कोणाच्या नकळत देणारा बिशप असा विक्रेत्यांचा जाहिरातदार झाला. त्याचा परिणाम तेथील सामान्य माणसालाही लवकरच जाणवला. १९०९ साली पेन्सिल्व्हेनियातील कार्लाइल गावच्या एका बँकेने केवळ नाताळच्या खर्चासाठी वर्षभर थोडी थोडी रक्कम साठवण्याची योजना काढली. १९१२ साली न्यू यॉर्कमध्ये निरुपयोगी भेटींना आळा घालण्यासाठी एक संस्थाच स्थापन झाली. कारण दुकानांत काम करणाऱ्या तुटपुंज्या पगाराच्या मुलींना वरिष्ठांच्या भेटीसाठी सक्तीने वर्गणी द्यावी लागत असे.

आपल्याकडे ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला; भेटींचा हा बाजार मात्र फार उशिरा आला. नांदेड व लातूर हे जिल्हे ज्यात मोडतात तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. येथील ख्रिस्ती माणूस बहुधा कोरडवाहू जमिनीचा किंवा भूमिहीन. त्याच्या नाताळात बांबूच्या कामट्या व रंगीत कागदांची चांदणी असे, करंज्या-शंकरपाळ्यांचा फराळ असे, आणि शिंप्याने वेळेवर दिलाच तर नवा सदरा किंवा झगा असे. मिस्सेनंतर फादर मंदिराच्या अंगणात मुलांच्या ओंजळीत बुंदी घालत. ती बुंदी पाटलाच्या शेतावरील सालगड्याच्या मुलाला आणि शाळामास्तरांच्या मुलाला सारखीच मिळे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीपर्यंत हे चित्र मी स्वतः पाहिले आहे. त्याचे उगाच गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. त्या अंगणात उपाशी मुलेही होती. पण भेटीपायी कोणी वही उघडत नव्हते.

वही हा शब्द आला आहे, तर तिच्याही इतिहासाकडे वळले पाहिजे. सणासाठी काढलेल्या कर्जाबद्दल आपल्या भागात नेहमीच बोलले गेले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल करून कर्जरोखे जाळले आणि दंग्यांचे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या काळी गोऱ्या अधिकाऱ्यांत आणि आपल्या शहरी सुशिक्षितांतही एक समज पक्का होता की, कुणबी लग्ने व सण यांवर उधळपट्टी करतो, म्हणून बुडतो. आयोगाचा निष्कर्ष वेगळा निघाला. लग्नाच्या खर्चाला कर्जाचे कारण म्हणून अवास्तव महत्त्व दिले गेले आहे, असे त्याने नमूद केले. हा खर्च शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरचा असतो खरा, पण असे प्रसंग क्वचितच येतात. एरवी वहीत भर पडते ती धान्य, बियाणे, बैल आणि सरकारी सारा यांसाठी घेतलेल्या लहानलहान रकमांची व त्यांवरील व्याजाची. त्यात वडिलोपार्जित कर्जाचे ओझे असतेच. या आयोगाच्या अहवालानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. सोलापूरची हद्द ओलांडली की निजामाचे राज्य लागे आणि तेथे हा कायदा चालत नसे. सावकार मात्र दोन्हीकडे होता.

आयोगाचा हा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो तो दोन कारणांसाठी. पहिले असे की, वेदीवरून गरिबाला काटकसरीचा उपदेश करणे सोपे असते, आणि आम्ही धर्मगुरू तो फार सहज करतो. दुसरे असे की, आयोगाने उधळपट्टीचा आरोप फेटाळला तो ‘असे प्रसंग क्वचित येतात’ या आधारावर. हा आधार आज उरला आहे काय?

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईत डिसेंबरात फिरून यावे. ज्या वस्तूचे पैसे हातात नाहीत तीही हप्त्यांवर घरी नेता येते. दिवाळीचा हप्ता फिटण्याआधी नाताळचा सुरू होतो आणि त्याच्या पाठोपाठ वाढदिवसाचा. बचत गटाच्या नावे शेळीसाठी उचललेली रक्कम मोबाईलच्या दुकानात गेल्याची उदाहरणे प्रत्येक धर्मग्रामात सापडतील. आणि तो मोबाईल निव्वळ चैन आहे असेही म्हणवत नाही. ‘लातूर पॅटर्न’च्या या भूमीत मुलाचे शिक्षण हीच घराची एकमेव आशा असते, आणि मोबाईल आता शिक्षणाच्या नावाने मागितला जातो. शेजारच्या मुलाकडे तो असतो. मग बाप कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

नाही म्हणण्याची किंमत किती भयंकर होऊ शकते हे जानेवारी २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्याने पाहिले. वसतिगृहात राहून शिकणारा एक मुलगा संक्रांतीसाठी घरी आला होता. त्याला नवे कपडे व मोबाईल हवा होता. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या शेतकरी बापाला ते शक्य नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगाही नव्हता आणि त्याच्या मागोमाग बापही नव्हता. त्या घराविषयी याहून अधिक लिहिण्याचा अधिकार कोणालाच नाही. सण त्यांचा होता, आपला नव्हता, असे मात्र कोणी म्हणू नये. संक्रांतीच्या जागी नाताळ घातला तर आपल्या वस्तीतील किती घरांत हीच मागणी आणि हीच अडचण आहे, हे घरभेटींना जाणारा प्रत्येक धर्मगुरू जाणतो.

वसईच्या ख्रिस्ती समाजासमोरही एकेकाळी सावकार उभा होता. तेथे १९१८ साली मॉन्सिनियर पी. जे. मोनिस यांच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी पतसंस्था उभी राहिली आणि तीच पुढे बँक झाली. काटकसरीच्या शंभर प्रवचनांनी झाले नसते ते काम वाजवी व्याजाने केले. वसईला बागायत होती, मुंबई जवळ होती. मराठवाड्यात तेवढे भांडवल जमणे कठीण, हे खरे. पण नाताळपुरती वर्षभराची भिशी चालवायला भांडवल लागत नाही, विश्वासू खजिनदार लागतो. (तो मिळणे काही ठिकाणी भांडवलाहून अवघड, असे माझे सहकारी म्हणतात.) शिवाय आधी प्रत्येक घरातून जमवून मग अंगणात सर्व मुलांना सारखेच वाटण्याची जुनी रीत अशा भिशीतून परत आणता येईल.

एक गोष्ट राहिली, ती पंचांगाची. २५ डिसेंबर हा दिवस आपल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने फारच अडचणीचा आहे. सोयाबीनचे पैसे दिवाळीत व हरभऱ्याच्या पेरणीत संपलेले असतात आणि तूर अजून शेतात उभी असते. आता भेट याच दिवशी द्यावी, असा श्रद्धेचा कोणताही नियम नाही. स्पेनसारख्या जुन्या कॅथलिक देशात मुले भेटींची वाट पाहतात ती ६ जानेवारीला, प्रभूप्रकटीकरणाच्या सणाला. कारण शुभवर्तमानात बाळ येशूला भेटी मिळाल्या त्या पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी पुरुषांकडून. तोवर लातूरच्या आडतीवर नवी तूर येऊ लागलेली असते. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांना मात्र हाही दिवस उपयोगाचा नाही. मुकादमाची उचल फेडून ती गावी परततात आणि त्यांची मुले मंदिराच्या अंगणात दिसतात ती पुनरुत्थानाच्या सणाच्या सुमारास.